कनेक्टिकटचे चार ग्रंथपाल: एका तोंडबंदीचं प्रकरण

१३ जुलै २००५ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या विंडसर गावी 'लायब्ररी कनेक्शन' या संस्थेच्या कार्यालयात एफबीआयची दोन माणसं आली. संस्थेचे कार्यकारी संचालक जॉर्ज क्रिश्चन यांच्या हाती त्यांनी एक पत्र ठेवलं. मागणी वाचायला किरकोळ होती: १५ फेब्रुवारी २००५ रोजी दुपारी ४ ते ४.४५ या वेळात अमुक एक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक) वापरणाऱ्याची खातेदार म्हणून माहिती, बिलं आणि वापराच्या नोंदी. त्याच पत्रात आणखी एक अट होती. एफबीआयने ही माहिती मागितली हे कुणालाही सांगायचं नाही. त्याला मुदत नव्हती, 'तपास पुरा होईपर्यंत' असंही काही नव्हतं. तोंड बंद, ते कायमचं.

या प्रकरणाबद्दल बोलताना बहुतेकांचा भर वाचकांच्या खासगीपणावर असतो आणि तो रास्तच आहे. मला मात्र तोंडबंदीची अट जास्त महत्त्वाची वाटते. वाचकाची नोंद मागितली गेली, याला हरकत घ्यायची तर ती मागितली गेली हे आधी कुणाला तरी सांगता यायला हवं. ते सांगणंच गुन्ह्यासारखं ठरवलं, की खासगीपणाचा बचाव करणारं कुणी उरत नाही.

हे पत्र नेमकं काय असतं

याला 'नॅशनल सिक्युरिटी लेटर' म्हणतात, बोलताना एनएसएल. घराची झडती घ्यायची तर न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं, हा अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीतला सर्वसाधारण दंडक. एनएसएलवर न्यायाधीशाची सही नसते. ज्यांना माहिती हवी आहे त्या एफबीआयचाच अधिकारी सही करतो.

ही सोय १९८६ पासूनची आहे, पण तेव्हा अट कडक होती. ज्याची माहिती हवी तो परकीय सत्तेचा हस्तक आहे असं मानायला ठोस आधार लागे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर दीड महिन्यात, २६ ऑक्टोबर २००१ ला, पेट्रियट कायदा आला. त्याच्या कलम ५०५ ने ही अट सैल केली. माहिती दहशतवादविरोधी तपासाशी 'संबंधित' आहे एवढं म्हटलं की पुरे. सहीचा अधिकारही वॉशिंग्टनच्या मुख्यालयातून खाली, ५६ क्षेत्रीय कार्यालयांच्या प्रमुखांपर्यंत गेला. न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी मार्च २००७ मध्ये हिशेब मांडला, तो असा: २००० साली सुमारे ८,५०० मागण्या, आणि २००३ ते २००५ या तीन वर्षांत मिळून १,४३,०७४.

सरकारच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. एनएसएलने ईमेलचा मजकूर मागता येत नाही. कोण, कुठून, कधी, कुणाशी, एवढंच. मग वॉरंटशिवाय हे चालतं कसं? कारण १९७९ च्या स्मिथ विरुद्ध मेरीलँड या निकालापासून सर्वोच्च न्यायालय म्हणत आलं होतं की टेलिफोन कंपनीसारख्या तिसऱ्या पक्षाला तुम्ही आपण होऊन दिलेल्या माहितीवर तुमचा खासगीपणाचा हक्क उरत नाही. म्हणजे २००५ साली चौथ्या दुरुस्तीचा रस्ता जवळपास बंदच होता. (२०१८ च्या कार्पेंटर निकालाने मोबाइलच्या ठिकाणांच्या नोंदींपुरता तो थोडा किलकिला झाला.) ग्रंथपालांच्या हाती उरली ती पहिली दुरुस्ती, भाषणस्वातंत्र्याची. पुढचं सगळं प्रकरण त्या दिशेने का गेलं याचं कारण इथे आहे.

पंचेचाळीस मिनिटांत कोण कोण बसतं

लायब्ररी कनेक्शन म्हणजे ग्रंथालय नव्हे. त्या भागातल्या सत्तावीसएक ग्रंथालयांनी मिळून उभी केलेली ही ना-नफा संस्था. सगळ्यांची एकत्र पुस्तकसूची सांभाळायची, देवघेवीची संगणकप्रणाली चालवायची आणि काही ग्रंथालयांना इंटरनेट पुरवायचं, एवढं तिचं काम. तिथे येऊन कुणी पुस्तक नेत नाही. म्हणजे क्रिश्चन यांच्याकडे एकाच वेळी अनेक गावांच्या वाचकांच्या नोंदी होत्या.

आता ज्या आयपी पत्त्याबद्दल विचारणा होती, तो एका माणसाचा नव्हता. सार्वजनिक ग्रंथालयात संगणकांची रांग असते. ते सगळे एका राउटरमागे असतात आणि बाहेरच्या जगाला त्यांचा एकच पत्ता दिसतो. रांगेतल्या एका खुर्चीवर शाळेचा प्रकल्प करणारी मुलगी, दुसरीवर नोकरीचा अर्ज भरणारा बेकार, तिसरीवर आजाराची लक्षणं शोधणारी बाई असू शकते. पाच महिन्यांनंतर त्यातला 'तो' कोण हे त्या पत्त्यावरून सांगणं अशक्य होतं. मागणी पुरी करायची तर त्या दुपारी तिथे बसलेल्या सगळ्यांचीच माहिती उघडी करावी लागली असती.

त्यात तारखा बघा. घटना फेब्रुवारीतली. पत्रावर तारीख १९ मे. पत्र हातात पडलं १३ जुलैला. क्रिश्चन यांनी नंतर सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना हेच बोट ठेवलं: देशावर संकट असेल तर तपासात आडकाठी घालायची त्यांची इच्छा नव्हती, पण लिहिलेलं पत्र जवळपास दोन महिने पडून राहतं, तेव्हा एफबीआयला फार घाई नसावी असं मानायला जागा आहे. मग न्यायाधीशाकडे जाऊन रीतसर आदेश आणायला काय हरकत होती? ग्रंथपालांची भूमिका शेवटपर्यंत हीच राहिली. न्यायालयाचा आदेश आणा, देतो.

ही हटवादी वृत्ती नव्हती. ग्रंथालयातल्या नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा कनेक्टिकटमध्ये आहे आणि अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या राज्यांत तो आहे. कोण काय वाचतं हे बाहेर जाऊ न देणं हा तिथल्या ग्रंथपालाच्या पेशाचा भाग मानला जातो. हार्टफर्डच्या आसपास विमा कंपन्यांत आयटीचं काम करणारी मराठी कुटुंबं आज याच भागातल्या ग्रंथालयांत मुलांना शनिवारी घेऊन जातात. तिथल्या कार्डामागे हा कायदा उभा आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

चौघे जण

न्यूयॉर्कमधल्या एका न्यायाधीशाने, व्हिक्टर मरेरो यांनी, सप्टेंबर २००४ मध्ये हाच एनएसएल कायदा घटनाबाह्य ठरवल्याचं क्रिश्चन यांना माहीत होतं. त्यांनी आलेल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की हा कायदा मला घटनेत बसणारा वाटत नाही, मी वकिलाशी बोलतो. वकिलाने सांगितलं ते धडकी भरवणारं होतं. न्यूयॉर्कचा निकाल इथे लागू नाही. पत्र मानायचं नसेल तर एकच मार्ग, अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलवर, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखावरच, खटला.

तेवढ्यासाठी संस्थेच्या कार्यकारी समितीला विचारणं भाग होतं. समितीत तीन जण: अध्यक्ष बार्बरा बेली, उपाध्यक्ष पीटर चेस, सचिव जॅन नोसेक. ग्लास्टनबरी, प्लेनव्हिल, पोर्टलंड या छोट्या गावांच्या ग्रंथालयांचे हे संचालक. वर्गणी, इमारतीची गळती, मुलांच्या गोष्टींचा तास असल्या कामांत दिवस घालवणारी माणसं. चौघांनी एकमताने लढायचं ठरवलं. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनचे वकील मिळाले आणि ९ ऑगस्ट २००५ ला ब्रिजपोर्टच्या संघीय न्यायालयात खटला दाखल झाला. नाव 'जॉन डो', म्हणजे निनावी फिर्यादी. स्वतःचं नाव घालून दाद मागणं हाच अटीचा भंग ठरला असता.

त्यानंतर चौघांना घरच्यांनाही काही सांगता येईना. संस्थेतल्या बाकीच्या ग्रंथालयांनाही नाही, म्हणजे ज्यांच्या वाचकांच्या नोंदींचा प्रश्न होता त्यांनाच नाही. ब्रिजपोर्टमध्ये स्वतःच्या खटल्याची सुनावणी त्यांना समोर बसून ऐकता आली नाही. न्यायालयात दिसले तर ओळख फुटेल, म्हणून पन्नास-साठ मैलांवर हार्टफर्डच्या न्यायालयात कुलूपबंद खोलीत बसून त्यांनी ती पडद्यावर पाहिली. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला अपिलाची सुनावणी झाली तेव्हा दालनात बसायची मुभा मिळाली, पण एकत्र बसायचं नाही, एकमेकांना ओळख दाखवायची नाही, आपल्या वकिलांकडेही बघायचं नाही अशा बजावणीसह. खटला यांचा, आणि हेच चौघे बघ्यांच्या बाकांवर विखरून बसलेले.

शांततेची वेळ

आता तोंडबंदीच्या वेळेकडे यायला हवं, कारण सगळं मर्म तिथे आहे.

पेट्रियट कायद्याची काही कलमं २००५ च्या अखेरीस आपोआप संपणार होती. ती चालू ठेवायची का यावर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आणि देशभर चर्चा पेटली होती. ग्रंथपाल त्यात पुढे होते. २००३ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी त्यांची भीती निराधार उन्माद म्हणून उडवून लावली होती आणि याच कायद्याचं कलम २१५, ज्याखाली ग्रंथालयांच्याही नोंदी मागवता येत, एकदाही वापरलेलं नाही असं सांगितलं होतं. लोकांच्या तोंडी 'लायब्ररीचं कलम' म्हणून २१५ बसलं होतं. त्यामुळे सरकारचा माणूस सभेत उभा राहून २१५ बद्दल बोलला की ऐकणाऱ्याला वाटायचं, ग्रंथालयांना कुणी हात लावलेला नाही. विंडसरला आलेलं पत्र २१५ खालचं नव्हतंच, ते ५०५ ने सैल केलेल्या कायद्याखालचं होतं. २१५ पुरतं पाहिलं तर शब्दशः खोटं कुणी बोलत नव्हतं. पण ज्यांच्या खिशात उलट पुरावा होता त्यांना बोलायची बंदी होती.

पीटर चेस यांची अवस्था सगळ्यांत अवघड. कनेक्टिकटच्या ग्रंथालय संघटनेत वाचनस्वातंत्र्याच्या समितीचं काम ते पाहायचे आणि पेट्रियट कायद्यावर जाहीर बोलायचे. आता सरकारी वकिलाबरोबरच्या ठरलेल्या वादविवादातून त्यांना कारण न सांगता अंग काढून घ्यावं लागलं. समोरचा म्हणणार की ग्रंथालयांवर हा कायदा वापरला जात नाही, आणि यांना गप्प बसावं लागणार. काँग्रेसपुढे साक्ष देण्याचा तर प्रश्नच नव्हता.

न्यायाधीश जॅनेट हॉल यांनी ९ सप्टेंबर २००५ ला दिलेल्या निकालात हेच हेरलं. सरकारने त्यांना गुप्त कागदपत्रंही दाखवली होती. ती वाचूनही त्यांचं मत पडलं की फिर्यादीचं नाव कळल्याने तपासाला धक्का पोचेल असं सरकारला दाखवता आलेलं नाही. आणि ज्यांनी हे पत्र प्रत्यक्ष हाताळलं त्यांचाच आवाज देशातल्या चालू चर्चेतून नेमका गळतो आहे. त्यांनी तोंडबंदी उठवली, पण अपिलासाठी निकालाला स्थगिती राहिली. ग्रंथपाल सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्याकडे गेले. त्यांनी ७ ऑक्टोबरला स्थगिती उठवायला नकार दिला. अपील लवकर ऐकलं जाणार आहे, तोवर हात घालणं बरं नव्हे, असा त्यांचा सावध पवित्रा.

मधल्या काळात प्रकरण हास्यास्पद होऊन बसलं होतं. नावं झाकून दाखल झालेल्या कागदांत संस्थेची ओळख नीट झाकली गेली नव्हती. २१ सप्टेंबरला न्यूयॉर्क टाइम्सने लायब्ररी कनेक्शनचं नाव छापलं, पुढे माणसांची नावंही बाहेर आली. वार्ताहरांचे फोन सुरू झाले. तरीही सरकार न्यायालयात सांगत राहिलं की गुप्तता टिकवायलाच हवी. कनेक्टिकटमध्ये न्यूयॉर्क टाइम्स वाचतं कोण, असा सरकारी वकिलांचा सूर होता, असं ग्रंथपालांनी नंतर सांगितलं. जगाला नाव माहीत आणि नावाच्या माणसानेच 'होय, तो मी' म्हणायचं नाही, अशी ही गंमत.

गुप्ततेचं हे वेड एकट्या अमेरिकेचं नाही, हे जाता जाता. आपल्याकडे संकेतस्थळं रोखण्यासाठी २००९ साली केलेल्या नियमांतला १६ वा नियम अशा तक्रारी आणि त्यांवरची कारवाई काटेकोरपणे गुप्त ठेवायला सांगतो.

कायदा झाला, मग तोंड उघडलं

९ मार्च २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पेट्रियट कायद्याच्या नूतनीकरणावर सही केली. एप्रिलमध्ये सरकारने कळवलं की तोंडबंदीचा आग्रह आम्ही सोडतो. महिनाभरात राष्ट्रीय सुरक्षेला असलेला धोका कुठे गेला, याचं पटेल असं उत्तर मला कुठे सापडत नाही. नव्या कायद्याने अटी बदलल्या, म्हणून जुना वाद उरला नाही, हे सरकारचं म्हणणं. कायदेशीरदृष्ट्या ते टिकतं. पण चर्चा चालू असताना ज्या चार माणसांचं म्हणणं ऐकायला हवं होतं ते मतदान आटोपल्यावर ऐकू आलं, आणि ती संधी कुठल्याही न्यायालयाला परत देता येत नाही.

अपिलाच्या न्यायालयाने २३ मे २००६ ला प्रकरण निकाली काढलं. न्यायाधीश रिचर्ड कार्डामोन यांनी सहमती नोंदवताना स्वतंत्र मत लिहिलं. बोलण्यावरची बंदी आणि तीही अनंतकाळची, हे लोकशाहीच्या कल्पनेशीच विसंगत आहे, आणि अधिकाऱ्यांच्या कामावर कायमचा पडदा राहिला तर त्याआड गैरवर्तन किंवा नालायकीही लपू शकते, असा त्याचा आशय. हॉल यांचा निकालही पुसून टाकावा असं सरकारचं म्हणणं होतं. आपण या माणसांना गप्प करायला गेलो आणि जमलं नाही, एवढीही खूण दप्तरात राहू नये अशी इच्छा त्यात कार्डामोन यांना दिसली.

३० मे २००६ ला चौघे न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर आले. जूनअखेर एफबीआयने माहितीची मागणीच मागे घेतली. एका ईमेलमधून आलेल्या धमकीवजा खबरीचा तो तपास होता आणि खबरीत तथ्य नसल्याचं त्यांनी सांगितलं. नोंदी शेवटपर्यंत दिल्या गेल्या नाहीत. एफबीआयच्या वतीने असंही म्हटलं गेलं की ग्रंथपालांच्या असहकारामुळे तपास लांबला. खबर खरी निघाली असती तर या चौघांकडे देशाने कसं पाहिलं असतं, हा प्रश्न सोडून देण्याजोगा नाही. माझं मत एवढंच की त्या शक्यतेसाठीच न्यायाधीश असतात. त्यांच्याकडे एका दिवसात जाता येतं. इथे पाच महिने हाताशी होते.

जिंकलं काय

वकिलांच्या नजरेने पाहिलं तर फार नाही. सरकारने माघार घेतली, त्यामुळे वरच्या न्यायालयाचा बंधनकारक निकालच आला नाही. ही माघार अपघाती वाटत नाही. २००७ मध्ये जुनी संकेतपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेला एनएसएल आलं, तेही न्यायालयात गेले, आणि मे २००८ मध्ये तिथेही सरकारने मागणी मागे घेऊन तडजोड केली. जो भांडतो त्याला सोडून द्यायचं, म्हणजे बाकीच्यांसाठी कायदा जसाच्या तसा राहतो. आणि भांडणारे किती? दीड लाखाच्या घरातल्या मागण्यांपुढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तुलनेला न्यूयॉर्कचे निकोलस मेरिल घ्या. मरेरो यांचा २००४ चा निकाल त्यांच्याच खटल्यातला. छोटी इंटरनेट कंपनी चालवणाऱ्या मेरिल यांना स्वतःचं नाव सांगायची परवानगी २०१० मध्ये मिळाली आणि पत्रात काय काय मागितलं होतं हे सांगायला २०१५ चा नोव्हेंबर उजाडला. ग्राहकाने कोणती संकेतस्थळं पाहिली, कुणाशी संपर्क केला, ऑनलाइन काय विकत घेतलं, सगळं त्यात होतं. त्यांच्याच खटल्यात डिसेंबर २००८ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: तोंडबंदीला आव्हान द्यायची इच्छा असल्याचं पत्र मिळालेल्याने कळवलं, की न्यायालयात जाऊन तिचं समर्थन करण्याचा भार सरकारवर. २०१५ च्या 'फ्रीडम' कायद्यात हे आलं, आणि तपास सुरू झाल्यापासून तीन वर्षांनी किंवा तो बंद होताना तोंडबंदीचा फेरविचार करायची पद्धतही पुढे आली. २०१७ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या संघीय अपील न्यायालयाने (नववं सर्किट) या सुधारित रूपातला कायदा घटनेत बसतो असा निर्वाळा दिला.

२००६ च्या नूतनीकरणाने मात्र एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने घेतलं. पत्र आल्यावर वकिलाशी बोलता येतं हे त्यात स्पष्ट झालं, न्यायालयात जायचा मार्गही आखून दिला गेला. त्याच वेळी तपासात अडथळा आणण्याच्या हेतूने जाणूनबुजून तोंडबंदी मोडली तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास अशी नवी शिक्षा आली. ग्रंथालयांना वगळण्याचं एक कलमही आलं, त्याचं कौतुकही झालं. त्याचा मजकूर असा की ग्रंथालय इंटरनेट वापरायला देतं एवढ्यावरून त्याला एनएसएल देता येणार नाही, जोवर ते स्वतः संदेशवहनाची सेवा पुरवत नाही. आता विंडसरची ती संस्था आठवा: गावोगावच्या ग्रंथालयांना इंटरनेटची जोडणी पुरवणारी. या सवलतीत ती बसते की नाही, यावर ते कलम काहीच बोलत नाही.